संगणक अडतो कोठें?

घरांतील बहुतेक यंत्रें बिघडलीं म्हणजे मुकीं होतात. पंखा फिरेनासा होतो, शिलाईचें यंत्र अडून बसतें, आणि त्यांना काय झालें हें कारागिरानें उघडून पाहिल्यावांचून कळत नाहीं. संगणकाची गोष्ट निराळी. तो आजारी पडला तरी बोलत असतो. केव्हां उठावयास दहा मिनिटें घेतो, केव्हां शिट्टीसारखा आवाज करतो, केव्हां निळ्या पडद्यावर एखादा आंकडा दाखवून स्तब्ध होतो. त्याचें हें बोलणें परक्या भाषेंत व थोडें उद्धट असतें खरें. परंतु त्यांत दुखण्याच्या जागेची खूण बहुधा असते. दुर्दैव असें कीं, तें नीट वाचण्याआधींच घरांतील कोणीतरी बटण दाबून धरतो, पडदा काळा होतो, आणि साक्ष द्यावयास आलेल्या साक्षीदारास दाराबाहेर घालविल्यासारखें होतें.

रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रसंग विशेष पाहावयास मिळतो. नागांव, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या बाजूस मुंबई-पुण्याकडील कित्येक कुटुंबांचीं जुनीं घरें आहेत. पावसाळ्यांत तीं बंद असतात आणि गणपतीच्या सुमारास उघडतात. कपाटांतील पुस्तकांवर बुरशीचा हात फिरलेला असतो, बिजागऱ्या कुरकुरत असतात, आणि कोपऱ्यांतल्या टेबलावर कापड पांघरून संगणक बसलेला असतो. त्याच्या पोटांत वाडीच्या सातबाराच्या उताऱ्यांच्या प्रती असतात, आजोबांच्या हस्ताक्षरांतील पत्रांचीं छायाचित्रें असतात, आणि नेमका त्याच दिवशीं मुलीच्या परीक्षेचा अर्ज संध्याकाळपर्यंत भरावयाचा असतो. बटण दाबलें जातें, आणि संगणक उठत नाहीं. अशा वेळीं खरा प्रश्न यंत्राचा नसतो. यंत्र बाजारांत पुनः मिळेल. आजोबांचीं पत्रें पुनः मिळणार नाहींत. म्हणून संगणक अडला असतां पहिलें काम त्याला चालू करण्याचें नसून, तो कोठें अडला हें ओळखण्याचें आहे.

दोष यंत्रांत आहे कीं यंत्राच्या भोंवतालीं आहे, हा प्रश्न या किनाऱ्यास नवा नाहीं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. पुढें शहरांत विजेच्या ट्रॅमगाड्या आणण्याचें घाटूं लागलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहामुळें नाजूक चुंबकसूच्या विचलित होतील, हें वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या ध्यानांत आलें. सूच्यांत कांहींच दोष नव्हता. दोष येणार होता तो भोंवतालच्या परिस्थितींत. म्हणून अलिबागेस समुद्रकांठीं, लोखंडाचा वापर टाळून, नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. १९०४ मध्यें तेथील नोंदी सुरू झाल्या. परंतु कुलाब्याचें काम लगेच थांबविलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं नोंदी एकाच वेळीं घेऊन त्या ताडून पाहिल्या गेल्या, आणि मग जुनें ठिकाण सोडलें. विजेची ट्रॅम मुंबईंत धांवूं लागली ती १९०७ मध्यें. अलिबागची वेधशाळा आजहि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आधिपत्याखालीं काम करीत आहे. या इतिहासांत संगणकधारकानें घेण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला, यंत्राला दोष देण्यापूर्वीं भोंवताल तपासावा. दुसरा, नव्याची खात्री पटेपर्यंत जुन्याला हात लावूं नये.

समुद्रकांठचा भोंवताल म्हणजे ओल, खारट वारा आणि लहरी वीज. चार महिने बंद असलेल्या घरांतील संगणक दार उघडतांच चालू करूं नये. खिडक्या उघडून, पंखा लावून एक दिवस त्याला कोरडी हवा मिळूं द्यावी. खाऱ्या हवेनें आंतील जोडाच्या ठिकाणीं धातूवर क्षार व गंज चढतो, आणि स्मरणशक्तीची पट्टी, जिला रॅम म्हणतात, तिचा संपर्क सैल होतो. पंख्याच्या पात्यांवर धूळ सांचली कीं आंतील उष्णता बाहेर पडत नाहीं. मग मुख्य प्रोसेसर स्वतःला जाळून घेण्याऐवजीं आपला वेग आपणच कमी करतो, आणि घरच्या माणसांस वाटतें कीं संगणक म्हातारा झाला. कोंकणांतल्या घरांत मुंग्या आणि पाली यांचाहि विचार सोडतां येत नाहीं. ही थट्टा नव्हे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-टू या गणनयंत्रांतील एका रिलेमध्यें एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील लोकांनीं तो काढून नोंदवहींत चिकटविला व शेजारीं तशी नोंद केली; ती वही आजहि जपून ठेवलेली आहे. त्या लोकांचें कौतुक पतंग सांपडला म्हणून नव्हे, तर सांपडलेलें कारण त्यांनीं लिहून ठेवलें म्हणून केलें पाहिजे.

विजेचें महत्त्व या किनाऱ्याला सांगावयास नको. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां खांब आणि तारा पडून कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत होतीं. परंतु संगणकाला एवढें मोठें वादळ लागत नाहीं. तो डिस्कवर कांहीं लिहीत असतांना वीज एक क्षणभर गेली तरी पुरे; लिहिणें अर्धवट राहतें. पुढच्या वेळीं उठतांना डिस्क तपासली जात आहे असा मजकूर पडद्यावर येतो व शेंकड्यांत आंकडा सरकूं लागतो. ही तपासणी कधीं पांच मिनिटांत होते, कधीं मोठ्या जुन्या डिस्कला तासाहून अधिक लागतो. ती मध्येंच बंद पाडणें म्हणजे शस्त्रक्रिया चालली असतां दिवा मालविणें होय. वीज गेल्यावर कांहीं मिनिटें पुरवठा करणारा यूपीएस अशा घरांत चैनीची वस्तु नाहीं. संगणक रीतसर बंद करण्यास जेवढा अवधि लागतो तेवढा त्यानें दिला कीं त्याचें काम झालें.

भोंवताल पाहून झाला कीं मग यंत्राकडे वळावें. संगणकाच्या उठण्याच्या चार पायऱ्या आहेत. तो कोणत्या पायरीवर अडला एवढें कळलें म्हणजे निम्में निदान झालें.

पहिली पायरी स्वतःच्या तपासणीची. बटण दाबतांच एक लहानसा कायमचा प्रोग्राम जागा होतो व रॅम, पडदा, कळफलक हे जागेवर आहेत ना, हें पाहतो. कांहीं उणें दिसलें तर तो शिट्ट्या वाजवितो किंवा दिवा उघडमीट करतो. या शिट्ट्यांचा अर्थ कंपनीगणिक निराळा असतो. म्हणून त्या किती वाजल्या, लांब किती व आंखूड किती, हें मोजून संगणकाच्या पुस्तिकेशीं ताडावें. पंखा फिरतो, पण पडद्यावर कांहींच दिसत नाहीं, अशा वेळीं आधीं पडद्याची तार दोन्ही टोकांस घट्ट आहे ना तें पाहावें. त्यानंतर संशय सैल झालेल्या रॅमवर घ्यावा. ती पट्टी काढून बसविण्याचें काम वीजजोड पूर्ण काढल्यावरच, आणि जाणत्या हातानेंच व्हावें.

दुसरी पायरी डिस्क शोधण्याची. येथें अडलेला संगणक “बूट डिव्हाइस सांपडत नाहीं” अशा अर्थाचा मजकूर दाखवितो. तो वाचून घाबरण्यापूर्वीं एखादा पेन ड्राइव्ह मागें लावलेला राहिला आहे काय तें पाहावें. कित्येकदां संगणक त्यालाच मुख्य डिस्क समजून त्याच्यापाशीं अडून बसतो. याच पायरीवर तारीख व वेळ चुकल्याची तक्रार येते. मदरबोर्डावर रुपयासारखी एक चपटी बॅटरी असते. टेबलावरच्या पुष्कळ संगणकांत ती सीआर २०३२ या जातीची, तीन व्होल्टची असते. वीजजोड काढलेला असतांना संगणकाचें घड्याळ चालू ठेवण्याचें काम तिचें. ती संपली म्हणजे संगणक कित्येक वर्षें मागें जातो. मग गंमत अशी होते कीं, संगणक उठतो, पण बँकेचें किंवा परीक्षा मंडळाचें संकेतस्थळ उघडतांना “हा संबंध सुरक्षित नाहीं” अशी सूचना येते. संकेतस्थळांच्या ओळखपत्रांना मुदत असते, आणि मागच्या तारखेंत राहणाऱ्या संगणकाला आजचें ओळखपत्र अजून सुरूच न झालेलें दिसतें! दोष ना बँकेचा, ना इंटरनेटचा; तो एका लहानशा बॅटरीचा.

तिसरी पायरी मुख्य व्यवस्था, म्हणजे विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम, डिस्कवरून वर आणण्याची. निळा पडदा येतो तो पुष्कळदां येथें. त्याचा अर्थ संगणक मेला असा मुळींच नाहीं. पुढें चाललें तर नुकसान होईल असें दिसल्यामुळें तो आपण होऊन थांबला, एवढाच त्याचा अर्थ. याचें जगानें पाहिलेलें उदाहरण १९ जुलै २०२४ चें. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रामची एक सदोष फाइल जगभर पाठविली गेली आणि सुमारें ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. भारतांतहि कांहीं विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. त्या ८५ लाखांपैकीं एकहि यंत्र त्या फाइलमुळें मोडलेलें नव्हतें. संगणक सेफ मोडमध्यें, म्हणजे अगदीं आवश्यक तेवढ्याच सामग्रीवर उठवून ती एक फाइल काढून टाकणें, हाच तेव्हां मुख्य उपाय ठरला. घरच्या संगणकासहि तोच न्याय लागूं पडतो. लागोपाठ दोन-तीन वेळां उठणें फसलें कीं विंडोज बहुधा आपण होऊन दुरुस्तीचा पडदा पुढें आणतें. तेथून सेफ मोडमध्यें जातां येतें. सेफ मोडमध्यें संगणक नीट चालला तर दोष बहुधा अलीकडे घातलेल्या एखाद्या प्रोग्रामचा किंवा ड्रायव्हरचा असतो, तो काढावा. मात्र येथें एक अडचण आधींच ओळखून ठेवावी. पुष्कळ नव्या संगणकांची डिस्क कुलूपबंद असते, आणि अशा वेळीं ४८ आंकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत सांठविलेली असते. संगणक धडधाकट असतांनाच ती शोधून कागदावर उतरवून ठेवणें हें शहाणपणाचें. कारण ती हरवली तर कुशल कारागीरहि हात टेंकतो.

चौथी पायरी म्हणजे पडदा दिसूं लागल्यानंतरची. संगणक उठला असें वाटतें, पण माउस हालत नाहीं, फाइल उघडत नाहीं. मंदपणाच्या बहुतेक तक्रारी येथल्या असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील स्टार्टअपच्या पानावर, संगणकाबरोबर उठणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते व प्रत्येकाचा भार किती तेंहि लिहिलेलें असतें. छपाईचें यंत्र केव्हांच मोडींत गेलें, तरी त्याचा मदतनीस रोज पहांटे उठून बसतो, असले प्रकार तेथें सांपडतात. जो ओळखीचा आहे व नको आहे, तेवढाच बंद करावा. जो अनोळखी आहे त्याची चौकशी करावी. आणि विषाणुरोधक प्रोग्रामला हात लावूं नये. बंद घरांतल्या संगणकाच्या बाबतींत आणखी एक साधें कारण असतें. चार महिन्यांच्या सुधारणा, ज्यांना अपडेट म्हणतात, त्या दारांत खोळंबून असतात व इंटरनेट मिळतांच एकदम आंत घुसतात. अशा दिवशीं त्याला दोन तास मोकळें सोडावें. तो आपोआप ताळ्यावर येतो.

इतकें करूनहि मंदपणा राहिला तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्ककडे पाहावें. येथें थोडें गणित उपयोगी पडतें. मिनिटास ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदास १२० फेरे घेते. हवी ती माहिती सुईखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा २४० वा भाग थांबावें लागतें. उठतांना अशीं दहा हजार लहान वाचनें विखुरलेल्या जागांवरून करावयाचीं असलीं, तर नुसत्या वाट पाहण्यांतच ४० सेकंदांहून अधिक जातात. सुई इकडून तिकडे नेण्याचा वेळ आणखी निराळा. एसएसडी नांवाच्या नव्या डिस्कमध्यें फिरणारें कांहींच नसल्यामुळें ही वाट पाहणी जवळजवळ नाहींशी होते. म्हणून जुन्या संगणकाला नवा प्रोसेसर शोधीत बसण्यापेक्षां ही एक डिस्क बदलणें पुष्कळदां अधिक गुणकारी ठरतें. मात्र जुनी डिस्क टक्‌टक् असा आवाज करूं लागली असेल, तर तें मंदपणाचें नव्हे, अखेरच्या दुखण्याचें लक्षण समजावें. तिला पुनःपुनः उठवूं नये. बंद करून, माहिती परत मिळविण्याचें काम करणाऱ्या जाणत्याकडे न्यावी.

आणखी एक लहानसा भ्रम दूर केला पाहिजे. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत “शट डाउन” म्हटलें तरी, फास्ट स्टार्टअपची सोय चालू असल्यास, मुख्य व्यवस्थेची स्थिति डिस्कवर जपून ठेवली जाते व दुसऱ्या दिवशीं तीच परत आणली जाते. त्यामुळें कालचा दोष आजहि उठून बसतो. “रीस्टार्ट” केलें म्हणजे मात्र सारें नव्यानें सुरू होतें. संगणक शेजाऱ्यानें “रीस्टार्ट कर” म्हटल्यावर बरा झाला, यांत शेजाऱ्याचा हातगुण नसून हें कारण असतें.

या सर्व पायऱ्यांवर उपयोगी पडणारी शिस्त एकच. पडद्यावरील मजकूर शब्दशः उतरून घ्यावा, किंवा फोननें त्याचें छायाचित्र घ्यावें. दोष कोणत्या पायरीवर आला, त्यापूर्वीं नवें काय केलें होतें, हें त्याखालीं लिहावें. आणि एका वेळीं एकच उपाय करून पाहावा. तीन उपाय एकदम केले आणि संगणक बरा झाला, तर कशानें बरा झाला हें कळत नाहीं, व पुढच्या खेपेस पुनः अंधारच. अशी चार ओळींची टांचण कारागिरापुढें ठेवली कीं त्याचेंहि काम सोपें होतें, आणि नको ते भाग बदलण्याची भाषा सहसा निघत नाहीं.

परंतु प्रत्येक संदेश खरा असतो असें मात्र समजूं नये. इंटरनेटवरील एखादें पान उघडतांच पडदा भरून तांबडा मजकूर येतो, भोंगा वाजूं लागतो, “संगणकांत विषाणु शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा” असें बजावलें जातें. हा बिघाड नव्हे; हा सापळा आहे. विंडोजच्या खऱ्या संदेशांत फोन करण्यासाठीं क्रमांक नसतो. फोन केल्यास पलीकडचा गृहस्थ मोठ्या आदबीनें बोलतो, दुरून संगणक हाताळूं देणारा प्रोग्राम घालावयास सांगतो, आणि थोड्याच वेळांत बँकेचें खातें उघडावयास लावतो. घरांत एकट्या असणाऱ्या वडील मंडळींना हें आवर्जून समजावून द्यावें. अशा वेळीं तें पान बंद करावें. तें बंद होत नसेल तर संगणक बंद करावा. चुकून कोणास आंत घेतलें असेल तर इंटरनेट तोडावें, बँकेस कळवावें आणि १९३० या शासकीय मदतक्रमांकावर विलंब न लावतां तक्रार नोंदवावी. बाकीच्या दुखण्यांत घाई नुकसान करते; या एकांत उशीर नुकसान करतो.

शेवटीं आजोबांच्या पत्रांकडे वळलें पाहिजे. विंडोज १० या आवृत्तीस मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्यामुळें पुष्कळ घरांत जुना संगणक काढून नवा आणण्याचा विचार चालू आहे. येथें अलिबागच्या वेधशाळेचा दुसरा धडा आठवावा. नव्या डिस्कवर सारें उतरलें म्हणतात तेवढ्यावर जुनी पुसून टाकूं नये. नव्यावरील चार-दोन पत्रें, चार-दोन छायाचित्रें प्रत्यक्ष उघडून पाहावीं, कांहीं दिवस दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवावींत, आणि मगच जुन्याला रजा द्यावी. शिवाय एक प्रत किनाऱ्यावरील घराबाहेर, मुंबईस किंवा पुण्यास असावी. कारण जी ओल आणि जें वादळ संगणकाला गांठतें, तेंच त्याच्या शेजारच्या कपाटांतील प्रतीलाहि गांठतें.

इतकी तयारी ज्या घरांत आहे, तेथें निळा पडदा आला तरी कोणाचा चेहरा पांढरा पडत नाहीं. मुलीचा अर्ज शेजारच्या संगणकावरून भरला जातो, आजोबांचीं पत्रें दुसऱ्या गांवीं सुरक्षित असतात, आणि टेबलावरचा संगणक कोठें अडला हें पाहावयास घरांतील माणसांजवळ वेळ असतो.